तालुक्याच्या गावात फाशीविरोधी काम: घोषणांपलीकडे नेमकं काय करता येतं?

ओढाकाठ
१० ऑक्टोबर हा मृत्युदंडविरोधी जागतिक दिन. त्या दिवशी मोठ्या शहरांत व्याख्यानं होतात, मेणबत्त्या लागतात आणि अकरा तारखेला सगळं शांत होतं. तालुक्याच्या गावात आठ-दहा माणसांचा गट असेल, त्यात एखादा वकील, दोन-तीन शिक्षक, एखादी आशाताई, कॉलेजची चार मुलं, तर त्यांनी उरलेले ३६४ दिवस काय करायचं?

कायदा दिल्लीत बदलतो हे मान्य. पण फाशी सुनावली जाते ती जिल्हा न्यायालयात. आरोपीचं घर, पीडित कुटुंब, साक्षीदार, मोर्चा काढणारे, बातमी देणारा वार्ताहर, सगळे त्याच पंचक्रोशीतले. म्हणजे स्थानिक गटाला करण्यासारखं काहीतरी असणारच. पैसा जवळपास नाही असं धरून सांगा: कुठल्या कामात हात घालावा आणि कुठल्या कामाच्या वाटेला जाऊ नये?

फाशी हवी की नको हा वाद शक्यतो दुसरीकडे करू.

तळटीप
चांगला धागा. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला की सह्या गोळा करायला निघतात. तोवर जे कागद जीव वाचवू शकले असते ते मिळवायची वेळ गेलेली असते.

क्रम असा. सत्र न्यायालय दोषी ठरवतं. मग शिक्षेवर वेगळी सुनावणी होते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम २५८(२). फाशी सुनावली तर ती आपोआप उच्च न्यायालयाकडे पुष्टीसाठी, म्हणजे कायम करायची की नाही हे ठरवण्यासाठी, जाते (कलम ४०७). तिथे किमान दोन न्यायमूर्ती ऐकतात. दोषीने स्वतःचं अपीलही ३० दिवसांत करायचं असतं. पुष्टीची केस आहे म्हणून अपील सोडून देणं हा शुद्ध आळस. मग सर्वोच्च न्यायालय आणि पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासणं. २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालापासून फाशीतलं पुनर्विलोकन तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात ऐकावं लागतं. त्यानंतर दयेचा अर्ज.

आता यात गट कुठे बसतो? शिक्षेवरची सुनावणी बऱ्याचदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच होते, नाहीतर दुसऱ्या दिवशी. वकील उठून सांगतो, आरोपी तरुण आहे, गरीब आहे, म्हातारे आईबाप आहेत, दया करावी. तीन वाक्यं. संपलं. सर्वोच्च न्यायालयाचा बचन सिंग निकाल १९८० चा. त्यात गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा असं सांगितलंय, पण गुन्हेगार कोण हे न्यायालयाला सांगणारा कागदच फाइलमध्ये नसतो. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयाने यादीच दिली: वय, लहानपणची घरची परिस्थिती, आजचं कुटुंब, शिक्षण, आर्थिक-सामाजिक स्थिती, पूर्वीचे गुन्हे, काम आणि उत्पन्न, मानसिक आजाराचा इतिहास. शिवाय तुरुंगातली वागणूक, तिथे केलेलं काम, मानसोपचार तज्ज्ञाचा अहवाल. ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच समोर यावी अशी अपेक्षा आहे. ती गोळा करायला गाव ठाऊक असलेली माणसं लागतात आणि तुमच्या आठ-दहा जणांत ती आहेत.

कातळ
वाद नको म्हणता, पण वादाशिवाय कसं चालेल? ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरासमोरून तुमचा गट आरोपीचे कागद गोळा करत फिरणार. त्यांना काय वाटेल? फाशीचा धाक राहिला नाही तर गावं सुरक्षित राहतील का? हे मी भांडायला लिहीत नाही. गावात काम करायचं तर पहिल्याच पारावर हे प्रश्न येणार.

पिंपळपान
कातळ, रास्त प्रश्न. पारावर आकडे पुरत नाहीत हे खरं, पण गटातल्या प्रत्येकाला दोन-तीन पाठ हवेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या मृत्युदंडावरच्या संशोधन केंद्राचा (पुढे प्रोजेक्ट ३९ए) २०१६ चा अहवाल. खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांचं वर काय झालं ते त्यांनी मोजलं. ज्यांची प्रकरणं निकाली निघाली त्यांत शेवटी फाशी टिकलेले शंभरात सुमारे पाच. जवळपास तीस निर्दोष सुटले, उरलेल्यांची शिक्षा कमी झाली. फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. म्हणजे फाशी सुनावली की न्याय झाला असं पीडित कुटुंबाला सांगणारा माणूस त्यांनाच फसवतो. पुढची दहा-पंधरा वर्षं त्यांच्या वाट्याला तारखा येतात.

आपल्याच राज्यातलं २०१९ चं प्रकरण पाहा. गुन्हा २००३ चा, आरोपी भटक्या जमातीतले सहा मजूर. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली, आणि ज्यांच्या घरावर तो हल्ला झाला त्यांनाही खरे गुन्हेगार मिळाले नाहीत. धाकाचं बोलायचं तर चुकीच्या माणसाला टांगून खऱ्याला कसला धाक बसणार?

लिंबोणी
कातळ यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत नाही. ते कामाच्या क्रमात आहे.

पीडित कुटुंबाकडे फाशीविरोधाच्या पत्रकावर सही मागायला जायचं नाही. कधीच नाही. त्यांनी माफ करावं ही अपेक्षा मनातही ठेवायची नाही. जायचं ते त्यांच्या कामासाठी. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यांत राज्य सरकारची मनोधैर्य ही अर्थसहाय्याची योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. इतर गुन्ह्यांत पीडित भरपाई योजना आहे, नव्या संहितेत कलम ३९६. अर्ज कुठे अडतो? एफआयआरची प्रत नाही, बँक खातं मृत व्यक्तीच्याच नावावर, वारस दाखला नाही, आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं. एक माणूस दोन दिवस त्यांच्यासोबत तहसील आणि बँकेत गेला तर बरंच सुटतं. खटल्याची पुढची तारीख त्यांना कुणी कळवत नाही, ती कळवत राहणं हेही मोठं काम.

एकच पथ्य: हे करणारी माणसं आणि आरोपीच्या घरी जाणारी माणसं वेगळी ठेवा. एकाच माणसाने दोन्ही घरी जायचं नाही. यात लपवाछपवी नसावी, गटाची भूमिका कुटुंबाला पहिल्या भेटीतच सांगायची. ते नको म्हणाले तर हात जोडून परत फिरायचं.

मधलीसुट्टी
+१ लिंबोणी. वाचनखूण साठवली.

जुनाखडू
तळटीप यांनी वयाचा उल्लेख केला, त्यावर सविस्तर लिहितो. हे काम गावातला शिक्षक सगळ्यात चांगलं करू शकतो.

गुन्ह्याच्या दिवशी आरोपी १८ वर्षांखालचा असेल तर फाशी देताच येत नाही आणि हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९ आणि ९४. कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. चाचणीत वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतं आणि इथे एक-दोन वर्षांतच आयुष्य अडकलेलं असतं. म्हणून कागद.

नुसता शाळा सोडल्याचा दाखला आणून थांबू नका, तो नंतर केव्हाही लिहून दिलेला असू शकतो. जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा) निर्गम उतारा मागा आणि शक्य असेल तर त्या पानाची प्रमाणित प्रत. त्या ओळीत काय पाहायचं: अनुक्रमांक मागच्या-पुढच्या मुलांशी जुळतो का. प्रवेशाची तारीख. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत एकच आहे का. शाई वेगळी आहे का, खाडाखोड असेल तर मुख्याध्यापकाची सही आहे का. पहिलीच्या प्रवेशाचीच नोंद हवी. मुलगा चौथीत दुसऱ्या शाळेत गेला असेल तर पहिल्या शाळेपर्यंत मागे जा.

नेहमीची अडचण म्हणजे १ जून. शाळा जूनमध्ये, जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नाही, गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलं. एका पानावर वीस मुलांपैकी बारा जणांचा वाढदिवस एकच. सरकारी वकील नेमकं यावर बोट ठेवतो. ते लपवायचं नाही, जोडीला दुसरा पुरावा द्यायचा: अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाची नोंद, पाठच्या-आधीच्या भावंडांच्या जन्मतारखा. दोन सख्ख्या भावांत चार महिन्यांचं अंतर निघालं तर कुठली तरी तारीख चुकीची आहे हे आपल्या आधी समोरचा दाखवणार.

जन्माची नोंद सापडत नाही म्हणून लोक परत येतात, कारण ते बापाच्या गावात शोधतात. पहिलं बाळंतपण माहेरी. आजोळच्या ग्रामपंचायतीत जा. ऊसतोड कुटुंब असेल तर मूल कारखान्याच्या भागात जन्मलेलं असू शकतं, मग गाळपाचा हंगाम कुठे गेला ते आईला विचारा.

पुण्याच्या १९९४ च्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेला आरोपी २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीनुसार घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. शाळेत नाव एक, खटल्यात नाव दुसरं. ती दोन नावं एकाच मुलाची आहेत हे सिद्ध करण्यात सगळं काम होतं. तो कागद इतकी वर्षं एका शाळेच्या कपाटात होता.

चौथाखांब
जुनाखडू, तुमचा प्रतिसाद वेगळा काढून प्रत्येक गटाच्या हातात द्यायला हवा.

पत्रक आणि बातमीबद्दल. गट अडकतात ते इथेच.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ सुद्धा. नाव न छापणं पुरेसं नाही: गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, आरोपीशी असलेलं नातं, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की अख्ख्या तालुक्याला ओळख पटते. मोर्चातल्या फलकावर फोटो लावणारेही हाच गुन्हा करत असतात, त्यांना शांतपणे जाऊन सांगा.

खटला चालू असताना आरोपी निर्दोषच आहे असं लिहू नका, साक्षी-पुराव्यावर टिप्पणी नको. तो न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. निकालानंतर निकालावर योग्य टीका करण्याची मुभा अवमान कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. पत्रकावर प्रकाशकाचं नाव आणि पत्ता असू द्या. निनावी कागद संशय वाढवतो.

भाषा हा तिसरा मुद्दा. ‘मृत्युदंडाचे निर्मूलन’ असं लिहिलं की कागद तिथेच टाकला जातो. ‘फाशी नको, कायमची जन्मठेप द्या’ हे वाचलं जातं. वार्ताहराला भाषण नको असतं, त्याला दुपारी चारच्या आत दहा ओळी हव्या असतात: तारीख, कलम, पुढचा टप्पा. उच्च न्यायालयात पुष्टीची सुनावणी व्हायची आहे एवढं वाक्य जरी बातमीत आलं तरी ‘अखेर न्याय मिळाला’ या मथळ्याला आळा बसतो.

मधलीसुट्टी
पत्रकात आपल्या इतिहासातली उदाहरणं का नसावीत? सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. त्यानंतर आठवडाभरात कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात देहान्ताची शिक्षा नसावी असं कलम होतं. फाशीला विरोध बाहेरून आलेला नाही हे दाखवायला याहून चांगलं काय?

कातळ
हे अजिबात करू नका. हुतात्म्याचं नाव आणि खुन्याची शिक्षा एका कागदावर आली की लोक कागद फाडतील आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

लिंबोणी
इथे मी कातळ यांच्या बाजूने. कराचीचा ठराव अभ्यासवर्गात सांगा, चौकात नको.

पिंपळपान
चौकासाठी बाबासाहेब आहेत. ३ जून १९४९ ला संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या अपिलाच्या अधिकारावर चर्चा चालली होती. फाशीच्या प्रकरणांत अपील असावं की नाही या वादापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण अधिक पसंती देऊ, अशी भूमिका त्यांनी मांडली आणि ती या देशातल्या अहिंसेच्या परंपरेशी जोडली. तारखेसकट, त्यांच्या भाषणाच्या अधिकृत मजकुरासह द्या. समाजमंदिरात, वाचनालयात, कुठेही चालतं. आणि २०१५ चा विधी आयोगाचा २६२ वा अहवाल, न्या. ए. पी. शाह अध्यक्ष: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांत फाशी रद्द करावी अशी शिफारस. सरकारी आयोगाचं म्हणणं आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा पवित्रा बदलतो.

दगडीपाटी
वकील संघाच्या ठरावांबद्दल कुणी लिहिलं नाही. भयंकर गुन्हा घडला की तालुक्याचा वकील संघ ठराव करतो: आरोपीचं वकीलपत्र कुणी घेणार नाही. गावाला तो ठराव अभिमानाचा वाटतो आणि फाशीची खरी पायाभरणी तिथेच होते, कारण मग जो वकील मिळतो तो उरलेला असतो.

डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव रद्दबातल आणि व्यवसायाच्या नीतीविरुद्ध ठरवले. गटाने काय करावं: निकालाची प्रत जोडून संघाच्या अध्यक्षांना एक पानी पत्र, विनम्र भाषेत. प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. वर्तमानपत्रात आधी देऊ नका, खासगीत मागे घेणं त्यांना सोपं जातं. दुसऱ्या पत्रात प्राधिकरणाला २०१९ च्या अनोखीलाल निकालाची आठवण: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात विधी सहाय्यातून किमान १० वर्षं वकिली केलेला वकील द्यायचा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान ७ दिवस. ही दोन पत्रं अटकेनंतर पहिल्या पंधरवड्यात गेली पाहिजेत. खर्च रजिस्टर पोस्टाचा.

सांजवात
कैद्याच्या घरच्यांबद्दल आणि दयेच्या अर्जाबद्दल लिहिते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७२ प्रत्येक गटाने मुळातून वाचावं. दयेचा अर्ज कुणी करायचा? दोषी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा नातेवाईक. संस्थेचं नाव त्यात नाही. त्यामुळे हजार सह्यांचं निवेदन म्हणजे दयेचा अर्ज नव्हे. मुदत, तुरुंग अधीक्षकाने सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कळवल्यापासून ३० दिवस. राज्यपालांनी फेटाळला तर फेटाळल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. पहिली मुदत कळवल्याच्या तारखेपासून मोजायची, म्हणून ती तारीख लिहून घ्यायची.

तीस दिवसांत काय कोसळतं? नातेवाईकच सापडत नाहीत. फाशीची शिक्षा झाली की घर गाव सोडतं, फोन बदलतो, बहिणीच्या सासरी नाव काढायची चोरी होते. म्हणून निकालाची वाट न पाहता तीन नातेवाइकांचे पत्ते आणि प्रत्येकाचे दोन फोन नंबर फाइलमध्ये हवेत. वर्षातून दोनदा ते चालू आहेत का पाहायचं. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर इथेच आहे, शेवटच्या टप्प्यातले कैदी तिथे असतात. मराठवाड्यातल्या आईला नागपूरच्या तुरुंगात मुलाला भेटायला जायचं तर दोन दिवसांची मजुरी, प्रवास आणि मुक्काम. ओळखपत्रावरचं नाव आणि तुरुंगातल्या नोंदीतलं नाव जुळत नसेल तर दारातून परत. निघण्याआधी हे तपासा.

आणि पोच. अर्ज कुठलाही असो, दोन प्रती न्यायच्या. आपल्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का पुसट उमटला तर दुसरा मागून घ्या. हे का, तर विलंब हा स्वतःच शिक्षा कमी करण्याचा आधार आहे. जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. पुण्याच्या एका प्रकरणात दोघांची फाशी २४ जून २०१९ ला ठरली होती. उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कुठल्या टेबलावर कागद किती दिवस पडला याची मोजणी तिथे झाली. एकूण १,५०९ दिवस. अशी मोजणी तारखांशिवाय होत नाही. अर्ज पोस्टाने टाकून पावती हरवणारा गट नकळत त्या माणसाचं नुकसान करतो.

त्याच २०२४ च्या निकालात आणखी दोन गोष्टी आहेत. दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याच्या गृह किंवा तुरुंग विभागात स्वतंत्र कक्ष, त्याचा पत्ता आणि ईमेल सगळ्या तुरुंगांना कळवायचा. आणि फाशीचं वॉरंट कैद्याच्या हातात पडल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पूर्ण १५ दिवस.

दगडीपाटी
सांजवात, त्या कक्षावर माहिती अधिकार लावण्यासारखा आहे. पद्धत: अर्ज नागरिकाच्या नावाने, संस्थेच्या नावाने नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात नियम आहे, एक अर्ज एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. लोक सगळं एका अर्जात कोंबतात आणि तो परत येतो. एका अर्जात विचारा: कक्ष कोणत्या तारखेच्या आदेशाने स्थापन झाला, प्रभारी अधिकाऱ्याचं पदनाम आणि ईमेल काय. दुसऱ्यात: गेल्या पाच वर्षांत आलेले दयेचे अर्ज, प्रत्येकाची आवक तारीख आणि पुढे पाठवल्याची तारीख. कैद्यांची नावं मागू नका, गोपनीयतेचं कारण पुढे करून सगळाच अर्ज नाकारतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पैशाबद्दल एक ओळ: परदेशातून एक रुपयाही घेऊ नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय तो गुन्हा आहे आणि विरोधकांना आयतं हत्यार मिळतं.

पिंपळपान
एका गोष्टीवर तळटीप आणि चौथाखांब यांच्याशी बोलायचं आहे. ‘फाशी नको, कायमची जन्मठेप द्या’ हे पत्रकात सोपं, पण आपण काय मागतोय? २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून शिक्षेत सूट न देता ठरावीक वर्षांची किंवा मरेपर्यंतची कैद देण्याची वाट उघडली, २०१५ मध्ये घटनापीठाने ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरती मान्य केली. माणूस बदलतो म्हणून फाशी नको म्हणायचं आणि लगेच तो कधीच बाहेर येऊ नये असंही म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

तळटीप
तत्त्व म्हणून मान्य. पण शिक्षेवरच्या सुनावणीत वकिलाकडे न्यायाधीशासमोर ठेवायला पर्याय हवा असतो, नाहीतर तो फाशीकडेच ढकलला जातो. पत्रकात मात्र ‘कायमची’ हा शब्द गाळा. ‘फाशी नको, जन्मठेप द्या’ एवढं पुरे आणि ते खरंही आहे.

चौथाखांब
पटलं. माझ्या वरच्या प्रतिसादातलं ते वाक्य तेवढं सुधारून वाचा.

कातळ
माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण वकील न देणं आणि वयाचा कागद न पाहणं याचं समर्थन मीही करू शकत नाही. पीडित कुटुंबाला तारखा कळवण्याचं काम लिंबोणी यांनी सांगितलं, त्यात फाशी हवी म्हणणारे लोकही येतील. त्यांना घ्या.

ओढाकाठ
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. मूळ प्रश्नाकडे येतो. गट नवा आहे, तालुक्यात असा एक खटला सुरू झालाय आणि आरोपपत्र नुकतंच दाखल झालंय. पहिल्या दोन महिन्यांत काय?

तळटीप
पहिली गोष्ट, बचावाच्या वकिलाला भेटा आणि त्याच्या संमतीशिवाय कागदाला हात लावू नका. गोळा केलेली माहिती त्याच्याकडेच जाईल, ती वापरायची की नाही तो ठरवेल. कधी एखादा कागद उलटतोही. आरोपपत्रातल्या साक्षीदारांची यादी मागून घ्या, कामासाठी नव्हे, टाळण्यासाठी. त्या यादीतल्या कुणाशीही गटातल्या कुणी खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. साक्षीदार फोडल्याचा आरोप आला की गट संपला आणि आरोपीचंही नुकसान झालं.

मग दोघादोघांनी घरी जा, त्यात एक बाई असू द्या. पहिल्या भेटीत वही काढू नका. मार, दारू, लहानपणचा छळ, फिट येणं, डोक्याला लागलेला मार, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतं. आई सांगणार नाही ते आत्या सांगते. आजारपणाचा केसपेपर मागा, तो बहुतेक वेळा पत्र्याच्या पेटीत किंवा कॅलेंडरच्या मागे असतो. मनोरुग्णालयात दाखल झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळायचा आधार आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तेव्हा आजार जुना असो की तुरुंगात सुरू झालेला, नोंद हवी. यातलं काहीही व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, गटाच्या ग्रुपवरसुद्धा. कागदी फाइल एकाच माणसाकडे.

दगडीपाटी
वकील संघाचा ठराव झालाय का ते आजच पाहा. झाला असेल तर सगळ्यात आधी ते पत्र.

लिंबोणी
आणि पीडित कुटुंबाकडे जाणारी दोन माणसं आजच वेगळी काढा. नंतर ठरवू म्हटलं की सगळे आरोपीच्या कागदांत अडकतात.

जुनाखडू
शाळेकडे जायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी जा. सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत. आरोपीची जिल्हा परिषद शाळा कमी पटामुळे बंद झाली असेल तर तिचं जनरल रजिस्टर कुठे ठेवलंय ते आधी केंद्रप्रमुखांना विचारा. जवळच्या शाळेत नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात निघेल. तिथे लेखी अर्ज द्या आणि सांजवात यांनी सांगितलं तशी पोच घ्या.